स्वयंपाकघराचं छप्पर

बाबा, स्वयंपाकघरावरचे मातीचे कवेलू शेवटी मी फेरले, फुटके काढून नवे बसवले. तुम्ही गेल्यापासून त्यांना कोणाचा हात लागला नव्हता. वानरं तेवढी वर नाचायची, आणि पाऊस आला की तुमची सून गॅसच्या शेगडीजवळ पाणी धरायला गंज मांडायची. गळती सरकली की गंज सरकवायची. मी दर उन्हाळ्यात मान वर करून बघायचो आणि पुढच्या आठवड्यावर टाकायचो.

गंमत अशी, की पोंभुर्ण्यात आता माझं सिमेंट-टिनाचं दुकान आहे. घराला हात घालायला भिणाऱ्या गिऱ्हाइकाला मीच चहा पाजून सांगतो, भाऊ, सुरू तर करा, मग आपोआप होते. आपल्या घरी मात्र माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र: कवेलू अंगणात उतरवलेले, खालच्या बांबूच्या कमच्या हात लावताच मोडून राह्यल्या, आभाळ भरलेलं आणि मातीच्या भिंती उघड्या. यंदा शेगडीमागची भिंत ओल पिऊन फुगली. आणखी एक पावसाळा तिनं काढला नसता. सुनेनं दुकानात येऊन गिऱ्हाइकासमोरच म्हटलं, "साऱ्या गावाले छप्पर विकता, अन् माह्या वरणात पावसाचं पाणी." गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. पण दुपारचं जेवण गेलं नाही.

मग तुमची रीत आठवली. कोणाच्याही छपराला हात लावण्याआधी तुम्ही घरच्या बाईला चुलीत ओला पळसपाला घालायला सांगायचे आणि स्वतः तंबाखू मळत अंगणात उभे राहायचे. कवेलूंमधून धूर सगळीकडूनच झिरपतो, पण फुटक्या जागी त्याची शेंडी उभी राहते. आता घरात चूल नाही, म्हणून दुकानातलं लोखंडी घमेलं आणून त्यात निखारे टाकले, वर पाला. सून पदरानं नाक दाबून, खोकत बाहेर आली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. सगळं छप्पर सडलं असं मी धरून चाललो होतो. शेंड्या उठल्या त्या मोजक्याच, बहुतेक त्या फुगल्या भिंतीच्या डोक्यावर. एवढ्यासाठी मी इतके उन्हाळे घालवले.

तरी वर चढल्यावर पाय उचलेना. लहानपणी तुमच्यासोबत पहिल्यांदा चढलो तेव्हा मी सरळ कवेलूवर पाय दिला होता आणि तो फुटला होता. तुम्ही खालून ओरडला नाहीत, शिडीवरून काठी पुढे केली. ठोकून ऐकायचं: पोकळ वाजलं तर खाली नुसत्या कमच्या, भरीव वाजलं तर वजन पेलणारा सागाचा फाटा, पाय तिथे. माझे कान तिखट आहेत असं बाजारात म्हणतात. गिऱ्हाइकाचा खिसा मला आवाजावरून कळतो. ते कान लोकांच्या छपरांवर तयार झाले, हे कोणाला माहीत नाही.

काठीनं ठोकलं. भरीव वाजलं. तरी पाय जागचा हलेना. तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "पाय कुठी ठेवून राह्यला बे गाढवा? आंधी आयक, मंग टाक."

खालून सून म्हणाली, "कोणाले म्हणून राह्यले?"

"मलेच," मी म्हटलं.

पाऊस येऊन गेला. गंज कोरडा आहे, भिंत लिंपून घेतली. हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. सुनेला मी पूर्ण खरं सांगितलं नाही. तो आवाज मी तुमचा काढला होता, तुमच्या नेहमीच्या गाढवासकट, आणि तो ऐकल्यावरच पाय पुढे पडला.