दर बाजारी वीतभर

माय,

दादाचा सकाळीच फोन आला होता. पुस्तकातलं तुझ्याबद्दलचं ते पान काढून टाक म्हणाला. मी नाही म्हणाले. मग त्यानं आवाज चढवला, मी पण चढवला, आणि शेवटी "तू अन् तुझं पुस्तक, बघून घ्या काय ते" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. प्रुफं उद्या प्रकाशकाकडं परत जायची आहेत. म्हणजे भांडायला दादाकडं आजचाच दिवस आहे, आणि मला तर तोही नको, माझं ठरलेलं आहे. तरी तुला सांगावंसं वाटलं, कारण पान तुझं आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आम्हा दोघांची भांडणं अजून तुझ्यावरूनच होतात. हे ऐकून तुला बरंच वाटलं असतं, मला माहीत आहे.

तुझं सासरचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा तू नवी नवरी होतीस. सरकारनं दाखवलेल्या माळावर तुम्ही घरं उभी केलीत आणि शेजारच्या गावानं तुमचं नावच ठेवलं, धरणवाले. आपल्यासोबत शेतकऱ्यांची घरंही उठली होती. त्यांनाही ते गाव उपरेच म्हणायचं, आणि हेच उपरे लोक माळावर आल्यावरही आपल्या बौद्धांच्या घरांना वेगळ्या अंगालाच बसा म्हणाले. गाव बुडालं, पण गावाची आखणी काही बुडाली नाही, ती त्यांनी डोक्यावरून नीट वाहून आणली. हे सगळं मी पुढे जड जड शब्दांत लिहिलं, त्यावर पदवी मिळवली, नोकरी मिळवली. पण मला ते कळलं होतं तुझ्या बारदानावर बसून, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात.

वाळलेली मिरची आणि लसूण घेऊन तू बसायचीस. सुरुवातीला तुला जागा मिळाली ती पार टोकाला, नालीच्या काठाशी. पुढची लिंबाखालची ओळ जुन्या लोकांची. बाजारात जागा कुणी कुणाला देत नाही, आणि भांडून घ्यायला जावं तर सगळी ओळ एक होते. तू भांडलीच नाहीस. दर बाजारी बारदान वीतभर पुढं टाकायचीस, बस. वीतभर जागेसाठी उठून भांडायची माणसाला लाज वाटते, हे तू बरोबर ओळखलं होतंस. एखाद्यानं टोकलंच तर लसणाच्या पाकळ्या निवडता निवडता, वर न बघता म्हणायचीस, "मागल्या बाजारी बी हितंच व्हते की." मी मॅट्रिकला गेले तोवर तू लिंबाखाली पोचली होतीस.

शेजारी बसणाऱ्या त्या कापडवाल्याला ते कधीच पचलं नाही. गिऱ्हाईक समोर असलं की तो मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "ह्या लोकांचं काय खरं हाय, आज हितं, उद्या तिथं. हात मारून जातील अन् आपण बसू बोंबलत." एकदा त्यानं तुला साळसूदपणे विचारलं, "गाव कोणतं गं तुझं?" गाव माहीत होतंच त्याला, त्याला ते तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. तू म्हणालीस, "पाण्यात हाय, शेटजी. पोहता येत असंल तर चला, दाखवते." सगळी ओळ हसली. मी पण हसले, पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्याचं उत्तर शोधण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल.

औरंगाबादला एम.ए. करून मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, निजामकाळातली महसूल व्यवस्था घ्या, कागदपत्रं भरपूर आहेत. मी म्हणाले, मला बाजारातल्या उपऱ्या लोकांवर लिहायचंय. सरांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या मातोश्रींचा बाजार म्हणजे इतिहास नव्हे. ते गाऱ्हाणं झालं. कागद कुठे आहे त्याला?" माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की ज्याचा कागद नाही ते घडलंच नाही. मग मी तुझाच रस्ता धरला. आधी विषय दिला, मराठवाड्यातले आठवडी बाजार. सर खूश. सहा महिन्यांनी त्यात विक्रेते आणले. मग बाहेरून आलेले विक्रेते. मग त्यांच्याबद्दल लोक काय काय बोलतात ते. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे कधी ठरलं आपलं? मी म्हणाले, "मागच्या अहवालात पण हेच होतं की, सर."

त्या शहरात मला खोली मिळता मिळत नव्हती. घरमालकीण आधी गाव विचारायची, मग आडनाव, आणि मग तिला आठवायचं की खोली परवाच कुणालातरी शब्द दिलेली आहे. एका चर्चासत्रात एक विद्वान गृहस्थ उभे राहून म्हणाले, तुम्ही स्वतः विस्थापितांपैकी, मग तुम्ही तटस्थ कशा राहणार? मी म्हणाले, ज्यांचं गाव जागच्या जागी आहे त्यांना हा प्रश्न कुणी विचारतं का? चहाच्या वेळी सरांनी स्वतःहून माझ्यासाठी कप आणला. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू मिरच्यांची पुडी बांधून दिलीस, "तुह्या सरांला दे. जरा तिखट खाऊ दे त्यांला."

आता त्या पानाचं. उन्हाळ्याचे दिवस आहेत, मी टेपरेकॉर्डर घेऊन तुझ्या शेजारी बसलेय, बाजार ऐन भरात आहे. विदर्भाच्या हद्दीपलीकडून आलेली एक केरसुणीवाली बाई काही दिवसांपासून नालीच्या काठी बसायला लागलीय. तिची जात मी पुस्तकातही लिहिलेली नाही, कारण ती तिनं मला सांगितलेली नाही. त्या दिवशी ती उन्हातून उठते, केरसुण्यांचा भारा उचलते आणि लिंबाच्या सावलीत तुझ्या बारदानाला लागून ठेवते. तू उठतेस. भारा उचलतेस आणि सरळ नालीत टाकतेस. आणि म्हणतेस, "ह्या लोकांचं काय खरं हाय, आज हितं, उद्या तिथं. हात मारून जातील अन् आपण बसू बोंबलत." शब्दाला शब्द, कापडवाल्याचं. तो तर तुझ्याकडं बघून मान डोलवत होता. त्या बाईनं केरसुण्या उचलल्या, झटकल्या आणि परत टोकाला जाऊन बसली.

घरी जाताना मी विचारलं, "काहून असं केलंस गं?" तू चालता चालता म्हणालीस, "तिला जागा देली तर मला कोन ठिवील तिथं?" राग नव्हता त्यात, लाज पण नव्हती. मला तुझा इतका राग आला होता की गाव येईतोवर मी तुझ्या पुढं पुढंच चालले. पण रात्रभर तेच डोक्यात. कापडवाला का बोलतो ते मला येत होतं लिहिता, पुस्तकं भरून आहेत त्यावर. ज्याच्यावर ते बोललं गेलं तोच ते उचलून पुढच्याला का मारतो, ते मला तुझ्या एका ओळीनं सांगितलं. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यावर उभं आहे, आणि ते तुला वाचून दाखवल्याशिवाय मी सरांना देणार नव्हते.

तू चुलीपाशी मिरच्या भाजून राहिली होतीस. मिरचीच्या धुराचा खाट उठला होता, मी खोकत खोकत वाचत होते, तू पदर नाकाला लावून ऐकत होतीस. सगळं वाचलं, नालीसकट. तू मिरच्या खाली-वर केल्यास. मग म्हणालीस, "बराबर लिवलंस." थोड्या वेळानं म्हणालीस, "पर जागा देणार न्हाई." आणि मग खरं भांडण सुरू झालं. "अन् ही 'एक विक्रेती' कोन? धरणाच्या सायबाचं नाव हाय, तहसीलदाराचं हाय, अन् मीच बिननावाची व्हय?" मी समजावलं, सायबांची नावं सरकारी कागदात आहेत, म्हणून येतात. जी माणसं आम्हाला तोंडी सांगतात त्यांची नावं आम्ही झाकतो, त्यांना नंतर तकलीफ होऊ नये म्हणून. तू तवा खाली उतरवलास. "मला काय तकलीफ व्हणार? मी केलं, मी म्हंते केलं. लिव्ह नाव." सरांनी लिहू दिलं नाही. प्रबंधात तू 'एक विक्रेती'च राहिलीस.

तू गेलीस तेव्हा आपला जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माझ्या जन्माच्या दाखल्यावर परभणी, तुझ्या मरणाच्या दाखल्यावर हिंगोली. शेवटच्या खेपेला तू न हलताच स्थलांतर केलंस, असं मी कॉलेजात पोरांना सांगते, ती हसतात.

आता त्या प्रबंधाचं पुस्तक होतंय, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असं. दादाला हेच नको आहे. तो म्हणतो, "लोक आयतंच हत्यार धरतील. म्हंतील, बघा, ह्यांच्यातली बाईच असं करते, मग आमाला काय बोलता?" दादा शाळेत मास्तर आहे, रोज त्या लोकांत उठतो-बसतो, त्याचं भय खोटं नाही. पण मला सांग, आपण आधी देवमाणसं असलं पाहिजे आणि मगच आपलं सोसणं खरं धरायचं, ही अट घातली कुणी? कापडवाल्याला कुणी विचारलं का, तू चांगला आहेस का, मगच बस सावलीत? सावलीत बसायला चांगुलपणाचा दाखला लागत नाही, तुलाही लागत नव्हता. तुला धुऊन-पुसून, हार घालून भिंतीवर टांगायचं असेल तर दादानं टांगावं. मी टांगणार नाही. माझी माय नालीत केरसुण्या टाकणारी होती आणि त्याच बाईनं वीत वीत करून एक अख्खी ओळ हलवली होती. दोन्ही छापून येईल.

दादानं आणखी एक गोष्ट सांगितली होती, कुरकुरत, की तुझी जागा कुण्या बाईनं बळकावलीय. म्हणून मागच्या बाजाराला मी जवळ्याला गेले. लिंब अजून आहे. कापडवाला नाही, त्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा आहे. आणि तुझ्या जागेवर तीच केरसुणीवाली, आता केस पिकलेली, केरसुण्यांशेजारी प्लास्टिकचे झाडू मांडून. तिनंच मला ओळखलं. "तुमी मिरचीवाल्या बाईची लेक ना? त्वांड तेच हाय." मी समोर उकिडवी बसले. ती म्हणाली, "लई कडक बाई. ती व्हती तवर एक वीत सरकू देलं न्हाई तिनं. गेली, मंग सरकले." तू बोलल्याप्रमाणे शेवटपर्यंत जागा दिली नाहीस, हे ऐकून मला हसू आलं, आणि तीही हसली. मी तिचं नाव विचारलं. पुस्तकात घालायचंय म्हणाले, त्या नालीच्या गोष्टीत. तिनं सांगितलं, पुढ्यातला एक झाडू सरळ केला. मग म्हणाली, "लिवा. पर बराबर लिवा."

आज दुपारी लाल पेननं 'एक विक्रेती' खोडून तिथं तुझं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. त्याच्या खालच्या ओळीत तिचं. सर हयात असते तर चिडले असते. दादा चिडेलच. चिडू दे. पान जागेवरून हलणार नाही.

एकच राहिलं. त्या दिवशी बाजारात शिरल्यावर मी तिला लांबून पाहिली, तुझ्या जागेवर ऐसपैस बसलेली. ओळख पटायच्या आधी, तोंडावर हसू यायच्या आधी, माझ्या मनात पहिलं जे आलं ते तेच होतं गं. ह्या लोकांचं काय खरं हाय. आज हितं, उद्या तिथं. इतकी वर्षं ह्याच वाक्यावर मी शिकवलं, आणि ते माझ्याच ओठापर्यंत येऊन थांबलं. ते पुस्तकात नाही. लिहायला त्या पानामागं जागा आहे, प्रुफं उद्यापर्यंत माझ्याकडं आहेत, पेन समोर पडलंय. तू म्हणाली होतीस, मी केलं, मी म्हंते केलं. मला अजून तेवढं म्हणता आलं नाही. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तुला सांगितलं.