माणशी सारखं

प्रिय ताई,

आज लॉन्ड्री बंद आहे. पोरं शाळेत गेलीत, हे इस्त्रीची वायर जोडत बसलेत आणि आई खिडकीपाशी उन्हात डुलक्या घेतेय. म्हटलं, तुझ्याशी निवांत बोलावं.

तो कार्बनचा कर लागला तेव्हा मी किती आदळआपट केली होती! गॅस महागला, पेट्रोल महागलं. कपडे धुवायला बॉयलर पेटवला की आधी माझाच जीव जळायचा. तुझ्याकडे जेवताना भाऊजी म्हणाले, "कर सगळ्यांना सारखाच आहे." माझ्या तोंडून निघून गेलं, "सारखा कसा? तुमची सहल रद्द होते, आमचं अंघोळीचं गरम पाणी." मग भाऊजीच हसले, "खरंय तुझं," म्हणाले आणि मला आग्रहानं वाढलं. मोठ्या मनाचा माणूस होता गं.

पुढे जमलेला कर माणशी सारखा वाटून परत मिळायला लागला. तान्ह्याला तेवढाच, म्हातारीलाही तेवढाच. आम्ही दोन खोल्यांत सहा डोकी. जाळतो थोडं, वाटा मात्र सहाजणांचा! महागाई भागून वर काही उरतंय, यावर माझा विश्वासच बसेना. आई म्हणते, "जन्मात पहिल्यांदा खाणारी तोंडं कामाला आली!" त्यातून खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, दाराच्या फटी बुजवल्या. आता थोडक्या गॅसवर घर उबदार राहतं. आईचा हिवाळी खोकला यंदा इकडे फिरकलाच नाही.

आता मुद्द्याचं. परवा हे तुझे धुतलेले पडदे द्यायला आले, तेव्हा तू स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून बसली होतीस. बाकीच्या खोल्या बंद. "आत्ताच बाहेरून आले," म्हणालीस. पण पायात घरातल्या सपाता होत्या, ताई. भाऊजी गेल्यापासून एवढं थोरलं घर तापवायचं ते एकटीच्या वाट्यावर, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. थंडीभर इकडे ये. उपकार वगैरे मनातही आणू नकोस, येताना सातवा वाटा घेऊनच येशील की! आईला मी फक्त तू येतेयस एवढंच सांगितलंय, तर तिनं सकाळपासून अर्धा पलंग मोकळा करून ठेवलाय. शनिवारी हे गाडी घेऊन येतील. भिंतीकडची बाजू कुणाची, ते तुम्ही दोघी भांडून ठरवा.

वाट बघणारी, तुझीच
धाकटी