पाहुण्याच्या हातात फावडं

१ ऑगस्ट. पहाटेच्या नमाजानंतर.
उद्या डेन्मार्कचा ग्रुप येतोय. पंधरा विद्यार्थी, त्यांचे योर्गन सर आणि राजधानीतून, बिश्केकहून, दुभाषी मुलगी, जाझगुल. गावातर्फे जबाबदारी माझ्यावर. साहजिक आहे. शाळेत श्रमाचा तास मी घेतो.
काम एकच. झऱ्यापासून शाळेपर्यंत चारशे मीटर चर, कमरेइतका खोल. चौदा तारखेला पाणी योजनेच्या संस्थेची गाडी पाईप घेऊन येईल. चर तयार असला तर पाईप आमचे, नसला तर वरच्या गावाचे. तसं लेखी आहे. आपली माणसं सगळी वर कुरणात, गवत कापायला. म्हणजे भिस्त पाहुण्यांवर.
प्लॅन: रोज चाळीस मीटर. दहा दिवसांत काम संपतं, दोन दिवस नाचगाण्याला उरतात.
नात आयझिरेक सप्टेंबरात पहिलीला बसेल. गेल्या शरदात पाटाचं पाणी प्यायली आणि अठरा दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात पडली. शेजारच्या सुयुमकानचा मुलगा त्याच खोलीत होता. तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, हिच्या मूत्रपिंडांना धक्का बसलाय, पुन्हा असं झालं तर माझ्याकडे इलाज नाही. घरी आम्ही पाणी उकळतो. शाळेत मुलं पाटावर पालथी पडून पितात.
शाळा उघडायच्या आत नळ हवा. अल्लाहनं तीस हात पाठवलेत.

२ ऑगस्ट.
आले. मेंढा कापला. डोकं मानानं योर्गन सरांपुढे ठेवलं. सरांचा चेहरा पांढरा पडला. भारावले असावेत. रात्री सगळ्यांना सांगितलं, उद्या सातला काम.

३ ऑगस्ट.
सहालाच फावडी घेऊन फाटकात उभे! सगळ्यांत पुढे सिग्ने नावाची काडीसारखी मुलगी. एकोणीस वर्षांची असेल. बायको खिडकीतून ओरडली, अहो, अक्कल कुठे गहाण टाकलीत? उपाशीपोटी पाहुण्यांना मजुरीला लावताय? पंचक्रोशीत बदनामी होईल आपली!
खरं होतं. मुलीच्या हातातून फावडं काढून घेतलं, दस्तरखान अंथरून सगळ्यांना खायला बसवलं. चहा अकरापर्यंत चालला. मग ऊन. चार मीटर झालं. सुरुवात म्हणून ठीक.

५ ऑगस्ट.
आता घराघरांतून बोलावणी. एकाकडे गेलो आणि दुसऱ्याकडे नाही, असं कसं चालेल? तीन घरं, तीन जेवणं. एकूण तेरा मीटर. त्यातले सहा सुयुमकाननं एकटीनं खणलेत. नवरा नाही, मुलगा गेला, तरी पहाटे कुदळ घेऊन येते. मला म्हणाली, गुरुजी, ही पोरं खायला आलीत की खणायला? त्यांना सोडा की जरा.
मी म्हटलं, सुयुमकान, पाहुणा आहे.
ती म्हणाली, माझा पोर पण चार दिवसांचा पाहुणाच होता म्हणायचं.
दुःखी बाई आहे. मनावर घेतलं नाही. तिच्यासाठी दुवा मागितली.

८ ऑगस्ट.
सिग्नेच्या तळहातांना फोड. उद्या तिच्या बापाला मी काय तोंड दाखवू? सगळी फावडी शाळेच्या कोठीत ठेवून कुलूप लावलं. ठरवलं की त्यांच्या वाटणीचं मीच खणायचं. संध्याकाळी दोन तास खणलं. कंबर धरली.
एकूण एकतीस मीटर. आता रोज पंच्याहत्तर केले तर जमतं. कुरणातली पोरं परवा उतरतील, मग बघा.

१० ऑगस्ट.
पोरं उतरली नाहीत. गवत राहिलंय म्हणे.
जाझगुल आली. म्हणाली, काका, मुलं विचारतायत, आमचं काही चुकलं का? फावडी का लपवली? मी म्हटलं, बेटा, तू शहरात वाढलीस, तुला हे समजायचं नाही. ती म्हणाली, काका, मी शहरात वाढले तरी चारशेतून एकतीस गेले की किती उरतात एवढं समजतं.
आजकालच्या मुली.
मग सिग्ने स्वतः आली. वर्षभर बेकरीत पहाटे चारला कामाला लागून तिनं या प्रवासाचं भाडं जमवलंय. म्हणाली, मला एक दिवस तरी पूर्ण खणू द्या. मी तिची समजूत काढली आणि बायकोनं सासूच्या हातचा नमदा, लोकरीचा जाड गालिचा, तिला भेट दिला. मुलगी रडायलाच लागली. किती हळवी असतात ही माणसं.

१२ ऑगस्ट.
सकाळी कोठीचं कुलूप दगडानं फोडलेलं. सुयुमकाननं. फावडी वाटली आणि स्वतः पुढे झाली. पंधरा जण, योर्गन सरसुद्धा शर्ट काढून. भाषा कुणाला कुणाची येत नाही आणि हसतायत! दुपारी दोनपर्यंत चौपन्न मीटर. मी पाहतच राहिलो. मनात आलं, असे अजून पाच दिवस मिळाले असते तर.
पण आज निरोपाची मेजवानी. गावातल्या वृद्धांनी घोडी कापली होती. मांस निवत होतं. वृद्धांचा निरोप आला, पाहुण्यांना चिखलात उभं करून आमची थट्टा चालवली आहेस का? मी तरी काय करणार. मीच चरापाशी गेलो आणि सगळ्यांना हात धुवायला लावलं.
सुयुमकान हात धुवायला आली नाही. अंधार पडेपर्यंत कुदळीचा आवाज येत होता.
मेजवानी मात्र गावाच्या इतिहासात झाली नसेल अशी झाली.

१४ ऑगस्ट.
काल दिवसभर नाचगाणं. आज गाडी आली. इंजिनिअरनं टेप लावला. शहाण्णव मीटर. म्हणाला, गुरुजी, पुढचे पाईप काय हवेतून नेऊ? मी त्याला चहाला बोलावलं. आला नाही.
पाईप वरच्या गावाला गेले. डोंगर बघायला राखून ठेवलेला पुढचा आठवडा ग्रुपनंही तिकडेच द्यायचं ठरवलं. सिग्नेनं गाडीतून हात हलवला.
काळजीचं कारण नाही. संस्थेला सविस्तर पत्र लिहितो. परिस्थिती समजली की पाईप परत येतील.

२२ ऑगस्ट.
ऐकलं ते खरं नसावं. वरच्या गावानं पोहोचल्या संध्याकाळीच पाहुण्यांना फावडी दिली. जेवायला पातळ सूप आणि पाव. मेंढा नाही, काही नाही. तिथल्या वृद्ध झापार आजोबांनी म्हणे, त्यांना लवकर उठा रे पोरांनो म्हणून हाकाही मारल्या. सहा दिवसांत चर पुरा. नळ चालू.
नळ असेल. पण माणसाला काही लाजलज्जा?
उरलेले तीनशे चार मीटर मी जमीन गोठायच्या आत खणणार. रोज पाच मीटर. कठीण नाही. पाईपचं पुढे बघू.

१ सप्टेंबर.
आयझिरेक शाळेत गेली. केसांत पांढऱ्या रिबिनी. उकळलेल्या पाण्याची बाटली दप्तरात दिली. तिला जवळ घेऊन सांगितलं, पाटाला तोंड लावायचं नाही. मान हलवली. ऐकणारी मुलगी आहे.
कंबर अजून धरते. सोमवारपासून चर.

१९ सप्टेंबर.
बाटली पहिल्याच सुट्टीत मैत्रिणींनी संपवली, असं आता कळतं. रोजच.
काल रात्रीपासून जुलाब. सकाळी रक्त. सूनबाईनं तिला पाठुंगळी घेतलं आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. मी गाडी बघतो म्हणालो. ती थांबली नाही. मुलगा रशियात बांधकामावर आहे. त्याला कोण सांगणार?

२३ सप्टेंबर.
तीच खोली. लघवी होत नाही म्हणतात. सूनबाई माझ्याकडे बघत नाही.
मला एक सुचलंय. दवाखान्याच्या पाण्याचा काय भरवसा. आमच्या उघड्या झऱ्यात गुरं शिरतात; वरच्या गावाच्या नळाला येणाऱ्या झऱ्याच्या शुद्ध पाण्यानं शरीर धुऊन निघेल. उद्या तिकडे जातो.

२५ सप्टेंबर.
घोड्यावर दोन कॅन बांधून काल पहाटे निघालो. नळ चौकातच आहे. बायका भरत होत्या. मला पाहून बाजूला सरकल्या. मी कॅन उतरवले तेवढ्यात झापार आजोबा आले. सत्तरी कधीच ओलांडलेली. कॅन माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाले, बसा गुरुजी. तुमच्या गावात पाहुण्याला कामाला हात लावू देत नाहीत. आम्ही कसा लावू द्यायचा?
बायका हसल्या. एक म्हणाली, आजोबा, मेंढा कापायचा का?
मी उठायला लागलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवून पुन्हा बसवलं. दोन्ही कॅन त्यांनीच भरले, वाकत, थांबत. घोड्यावर त्यांनीच चढवले. तोवर मी बाकावर बसून होतो. माझ्या नातीचं पाणी दुसरा माणूस भरत होता आणि माझ्या हातांना करण्यासारखं काही नव्हतं. सिग्ने त्या दिवशी का रडली, हे तिथे कळलं.
निघताना आजोबा हळूच म्हणाले, पोरीसाठी आम्ही दुवा मागतो.
आज दुपारी दवाखान्यात पोहोचलो. कॅन दोन मजले वर नेले. नर्स म्हणाली, अहो आजोबा, हे कशाला आणलंत, इथे नळ आहे. आणि तिला तोंडानं काही द्यायचं नाही.
मी कॅन खाटेखाली सरकवले. आयझिरेकचे डोळे मिटलेले होते. सूनबाई म्हणाली, बाबा, आता तरी जरा गप्प बसा.
मी बोललो कुठे होतो?