पश्चिम गॅलरीतील आजीव आसनधारक अपेक्षित वेळेत न मेल्याबाबत

प्रति,
मा. वसुली अधिकारी (मोठी कर्जे),
बँकेचे विभागीय कार्यालय, तिसरा मजला.

अर्जदार : लेखापाल, फुटबॉल क्लब (स्टेडियम कर्ज विभाग. या विभागात अर्जदार एकटाच आहे.)

विषय : आजीव आसने ठरल्याप्रमाणे रिकामी न झाल्याने थकलेल्या हप्त्यास मुदतवाढ मिळणे व अर्जदाराच्या राहत्या घराचा लिलाव पुढे ढकलणे.

संदर्भ : १) घराच्या दारावर डकवलेली आपली ताबा नोटीस. २) गेल्या सोमवारी आपण टेबलापलीकडून काढलेले तोंडी उद्गार.

महोदय,

आपला मौल्यवान वेळ खर्ची पडणार, याची क्षमा अर्जदार आधीच मागून ठेवतो. अर्जात सर्वत्र 'अर्जदार' असेच लिहिले आहे. 'मी' लिहून पाहिले होते, पण तसे लिहिल्यावर पुढचे काही परिच्छेद हातून उतरेनात.

१. क्लबच्या जुन्या मैदानात आठ हजार माणसे मावत आणि तेवढी येतही. परंतु शेजारच्या शहरातील क्लबने मोठे स्टेडियम बांधल्यापासून आमच्या अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा लागेना. त्यांना तीस हजारांचे हवे होते. बाकीची बावीस हजार माणसे कोठून येणार, असे अर्जदाराने बैठकीत विचारले असता अध्यक्ष म्हणाले, "तू आकडे बघ रे, माणसं मी बघतो." जुने मैदान विकून पैशाचा एक हिस्सा उभा राहिला. दोन हिस्से आपल्या बँकेने कर्जाऊ दिले. चौथा हिस्सा उभा राहीना, तेव्हा आजीव आसनांची कल्पना पुढे आली. ती कल्पना अर्जदाराची होती. हे तो कोठेही नाकारत नाही.

२. योजना अशी की, चाहत्याने एकदाच मोठी रक्कम भरायची आणि पश्चिम गॅलरीत हयातभर एका ठरावीक आसनावर बसून सामने पाहायचे. तो वारला की आसन क्लबकडे परत येणार आणि क्लब ते नव्या दराने पुन्हा विकणार. एवढी रक्कम एकदम भरण्याची ऐपत फक्त निवृत्त माणसांची असते, म्हणून गॅलरी बहुतेक म्हाताऱ्यांनी भरली. विमा कंपन्यांचे कोष्टक समोर ठेवून अर्जदाराने कोणत्या वर्षी किती आसनधारक मरण पावतील, याचा तक्ता केला. आपल्या बँकेने तो तपासला, वाखाणला आणि त्यातून येणारी रक्कम कर्जाला तारण म्हणून धरली. तक्ता ज्याने केला त्यानेच हमी द्यावी, असा आपल्या बँकेचा आग्रह पडला. अध्यक्ष म्हणाले, "कर रे सही, आम्ही आहोत की!" अर्जदाराने राहत्या घराची हमी दिली. अध्यक्ष आता नाहीत. म्हणजे आहेत, पण परदेशात आहेत आणि फोन उचलत नाहीत.

३. पहिली दोन वर्षे हप्ते वेळेवर गेले. मग एका वर्षी व्याज भरायला पैसे कमी पडले म्हणून गोलरक्षक विकला. गोलरक्षक गेला म्हणून सामने हरलो, हरलो म्हणून तिकिटे खपेनात, तिकिटे खपेनात म्हणून पुन्हा व्याज तुंबले, तेव्हा आघाडीचे दोघे विकले. त्यानंतर गोल होण्याचा प्रश्नच उरला नाही. संघ खालच्या श्रेणीत गेला. तीस हजारांच्या स्टेडियममध्ये चार हजार माणसे बसू लागली आणि एखादा शिंकला तरी समोरच्या गॅलरीत ऐकू जाऊ लागले. सगळा भरवसा आजीव आसनांवर येऊन ठेपला.

४. आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाऊ लागले. तक्त्याप्रमाणे आजपावेतो पश्चिम गॅलरी निम्मी रिकामी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात ती जवळजवळ भरलेली आहे. हे लोक मरत नाहीत. आठवडाभर घरात कण्हत पडलेला माणूस सामन्याच्या दिवशी दाढी करून मफलर गुंडाळून हजर होतो. त्यांच्यात एक निवृत्त बसचालक आहेत. ते पूर्वार्ध झोपून काढतात, म्हणून त्यांना 'हाफटाइम' म्हणतात. त्यांना तक्त्याने केव्हाच निकालात काढले होते. एक निवृत्त डॉक्टर आहेत. ते मध्यंतरात पिशवीतून यंत्र काढून ओळीने सगळ्यांचा रक्तदाब पाहतात, गोळी घेतली का विचारतात आणि नसेल घेतली तर चारचौघांत झापतात. क्लबच्या हिताविरुद्ध चाललेले हे काम अर्जदाराच्या लक्षात यायला दोन हंगाम गेले.

५. कर्जफेडीसाठी अर्जदाराने हातपाय हलवले नाहीत, असा ठपका आपण गेल्या सोमवारी ठेवला. म्हणून केलेली कामे नमूद करणे भाग आहे. वीजबचतीच्या नावाखाली पश्चिम गॅलरीची लिफ्ट बंद केली. छताचा फुटलेला पत्रा तसाच ठेवला. रक्तदाबाचे यंत्र प्रवेशद्वारावर 'फेकून मारता येण्याजोगी वस्तू' ठरवून जप्त केले. यातील एकही उपाय लागू पडला नाही. उलट लिफ्ट बंद झाल्यापासून ही मंडळी तासभर आधी येऊन, दर वळणावर गप्पा मारत जिना चढू लागली आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्यामुळे सर्वांचीच तब्येत सुधारली. जे थोडे वारले, त्यांच्या बाबतीत अर्जदाराने ढिलाई केलेली नाही. शोकसंदेश व आसनविक्रीची जाहिरात नेहमी एकाच दिवशी सूचनाफलकावर लागली आहे. एका प्रकरणी आसनाचे कार्ड मृताच्या कोटाच्या खिशात राहिले होते. तिरडी उचलण्यापूर्वी अर्जदाराने ते मागून घेतले. त्यांच्या मुलीने कार्ड हातात दिले आणि नंतर तोच हात पदराला पुसला.

६. राहता राहिली करारातील एक अट. आसनधारक घरच्या मैदानावरील सलग तीन सामन्यांना गैरहजर राहिल्यास त्याने आसन सोडले असे समजले जाते. इकडूनतिकडून जमवाजमव केल्यावर या थकलेल्या हप्त्याचा आकडा गाठायला एकच आसन कमी पडत होते. कोणाचे आसन रिकामे करणे अर्जदाराच्या हातात आहे, याचा विचार करता एकच नाव पुढे आले.

अर्जदाराच्या आईचे आसन पश्चिम गॅलरीत आहे. ती निवृत्त टेलिफोन ऑपरेटर असून अर्जदाराजवळच राहते. तिचा आवाज पलीकडच्या गोलापर्यंत पोचतो, म्हणून गॅलरीत तिला 'टेलिफोन' म्हणतात. योजना निघाली तेव्हा गिऱ्हाईक मिळेना, म्हणून पहिले आसन अर्जदाराने तिच्याच गळ्यात मारले होते. निवृत्तीची सगळी रक्कम तिने त्यात घातली. "पैसे बुडणार नाहीत ना रे?" एवढेच तिने विचारले होते. अर्जदाराने तक्ता दाखवला. तिच्या नावापुढचे वर्ष मात्र अंगठ्याखाली झाकून धरले.

७. पहिल्या सामन्याच्या दिवशी अर्जदाराने तिला सामना पुढे ढकलल्याचे खोटे सांगितले. स्टेडियम घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. आरडाओरडा ऐकू आला तेव्हा सराव चालला असेल, असे सांगितले. तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या सामन्याला तिला डोळे तपासायला नेले आणि थेंब घालून घेतले, म्हणजे संध्याकाळपर्यंत समोरचे काही दिसू नये. तरी ती येताना म्हणाली, "चल, मला नुसतं नेऊन बसव. दिसलं नाही तरी कळतं मला." अर्जदाराने रिक्षा घराकडे वळवली. तिसऱ्या सामन्याला सांगायला काहीच उरले नव्हते. ती मफलर घालून चपला शोधत होती. अर्जदार बाहेर पडला आणि दाराला बाहेरून कडी घातली.

आतून तिने आधी नावाने हाक मारली, मग लहानपणच्या नावाने मारली. मग दार वाजवले. "अरे, हरू दे, पण बघू दे!" असे ती म्हणाली. तिचा आवाज आपणास ठाऊक नाही. शेजारी जिन्यात आले. त्यांना अर्जदाराने सांगितले की, आईच्या डोक्यावर हल्ली थोडा परिणाम झाला आहे. शेजाऱ्यांनी हळहळून मान हलवली. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत अर्जदार पायरीवर बसून होता. संघ हरला होता, हे गर्दीच्या परतण्यावरून कळले.

८. त्या संध्याकाळी अर्जदाराने तिला सारे खरे सांगितले : कर्ज, हमी, घर, तक्ता. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारले, "तुझ्या त्या तक्त्यात मी कधी मेले?" चार वर्षांपूर्वी, असे अर्जदाराने सांगितले. "म्हणजे चार वर्षं फुकटात पाहिली की रे मी!" असे म्हणून ती मोकळेपणाने हसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. अशा गोष्टी अर्जात लिहिण्याची पद्धत नाही, तरी नमूद करण्यात येते की, अर्जदाराला रडू आले आणि तिने त्याला पाणी आणून दिले. घर वाचणार म्हणून आसन गेल्याचे तिला दुःख नाही, असे ती तेव्हा म्हणाली.

९. आसन रिकामे झाल्याचा दाखला निघायला दोन महिने गेले. तो घेऊन अर्जदार गेल्या सोमवारी मोठ्या उमेदीने आपल्या कार्यालयात आला. त्यावर आपण म्हणालात, "हे बघा, मला माणसं मरायची घाई नाही, मला हप्त्याची घाई आहे. रिकामी खुर्ची मोजत नाही आम्ही. विकलेली मोजतो." आपले म्हणणे कायद्याने बिनतोड आहे. अर्जदाराच्या तक्त्यात माणसे कधी मरतील याचा रकाना होता, त्यांच्या जागी कोण येईल याचा नव्हता. खालच्या श्रेणीतील, गोलरक्षक नसलेल्या संघाचे सामने जन्मभर पाहण्यासाठी आज कोणी पैसे मोजत नाही. आईच्या आसनाची या दोन महिन्यांत तीनदा जाहिरात दिली. एकच गृहस्थ पाहायला आले, तर शेजारच्या मंडळींनी त्यांना टेकूच दिले नाही. "टेलिफोन एंगेज आहे," असे हाफटाइम म्हणाले आणि पुन्हा झोपले. यानंतर फक्त भंगारवाल्याकडून विचारणा झाली. त्याला संपूर्ण ओळ किलोवर हवी आहे.

१०. आईच्या बाबतीत आणखी एक घडामोड कळवणे आवश्यक आहे. आसन गेल्यानंतरच्या पहिल्याच सामन्याला ती खिडकीवर रांगेत उभी राहिली आणि स्वतःच्या पेन्शनमधून सर्वांत स्वस्त तिकीट काढून गोलाच्या मागच्या उघड्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तेथे पाठ टेकायला काही नाही आणि ऊन थेट तोंडावर येते. अर्जदार कार्यालयाच्या काचेतून पाहत होता. ती ओरडत होती. त्यानंतर ती एकही सामना चुकलेली नाही. घराचे काम झाले का, असे ती दर दोन दिवसांनी विचारते. झाले, असे अर्जदार सांगतो. दारावरची नोटीस तिच्या नजरेस पडण्यापूर्वीच त्याने काढून घेतली होती.

सबब अर्जदाराच्या विनंत्या खालीलप्रमाणे :

(अ) लिलाव एक हंगाम पुढे ढकलावा. पश्चिम गॅलरीतील मंडळींचे वय पाहता ही मुदत अवाजवी नाही.

(आ) ते शक्य नसल्यास, आईने काढलेल्या तिकिटांची रक्कम थकीत हप्त्यात जमा धरावी. ती फारच थोडी आहे, याची अर्जदाराला जाणीव आहे.

(इ) तेही शक्य नसल्यास, ताबा घेण्याची वेळ बदलावी. नोटिशीत येत्या शनिवारी सकाळी अकरा असे आहे. त्या दिवशी चार वाजता घरच्या मैदानावर सामना आहे. आई अडीचलाच निघते. आपली माणसे तीननंतर आली, तर सामान बाहेर निघताना तिला पाहावे लागणार नाही. सामन्यानंतर तिला कोठे न्यायचे, हे अद्याप ठरलेले नाही. संघ हरला तर ती पायरीवरच थोडा वेळ बसून राहते, तेवढा वेळ मिळेल. तिला मैदानावर वेळेत नेऊन पोचवण्याचे काम अर्जदार स्वतः करील. या सामन्याला ती गैरहजर राहणार नाही.

आपल्या नोटिशीस सर्वस्वी पात्र असलेला,
आपला नम्र,

(सही)
लेखापाल, फुटबॉल क्लब
दिनांक : चालू महिन्याची १७, सोमवार

सोबत :
१) अपेक्षित मृत्यूंचा तक्ता, दुरुस्तीसह.
२) आईने काढलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे. ती ते टाकून देत नाही, म्हणून मिळाले. काम झाल्यावर परत करावेत.
३) घराची किल्ली, एक. दुसरी आईकडे असते. ती मागू नये. कुलूप आपण बदलालच.