रांगेत न बसणारी सहाची बस

तीर्थरूप मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींना सांगा, त्यांनी विणलेला स्वेटर ऑफिसात रोज घालते. (एक बाही लांब, एक आखूड आहे, पण मी तक्रार करणारी नव्हे.)

आमच्या डेपोतली भानगड आईने तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितलीच असणार. म्हणून खरं काय ते मीच लिहिते. माझं काही चुकलेलं नाही आणि मी माफी मागणार नाही.

बावन्नाव्या वर्षी मी संगणकाचा क्लास लावला, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिकलेलं वाया कशाला घालवा, म्हणून ड्रायव्हरांचा रोजचा तक्ता (जो मी एकवीस वर्षं पट्टी घेऊन हाताने आखला) छापणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. रकाने तीन: नाव, निघायची वेळ, परतायची वेळ. नाव म्हणजे टोपणनाव. खरी नावं पगाराच्या दिवसाशिवाय कुणाला आठवतात? रकाने सरळ यावेत म्हणून नावापुढे टॅब दिला. टॅब मजकुराला पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत ढकलतो. नाना, दाढी, पैलवान शहाण्यासारखे रांगेत बसले. पण ‘मिशीवाले थोरले’ हे नाव इतकं लांब, की ते पहिली खूणच ओलांडून गेलं आणि त्यांच्या वेळा एकेक रकाना उजवीकडे सरकल्या. निघायचे सहा परतायच्या रकान्यात, आणि परतायचे दोन कागदाच्या कडेला लोंबकळत!

मिशीवाले पहाटे पावणेसहाला आले, तक्ता वाचला आणि चक्क घरी गेले. साहेबांनी बोलावून घेतलं तर म्हणतात, "निघायची जागा रिकामी, परतायची वेळ सहा. सहाला परतलो!" तोवर हॉस्पिटलच्या बावीस नर्स स्टॉपवर ताटकळत होत्या.

साहेब कडाडले, "सोमवारपासून पट्टी आणि पेन! आणि लेखी माफी!" मी म्हटलं, "साहेब, सोमवारचा तक्ता मशीनच छापेल. वाकडा निघाला तर ही खुर्ची सोडते."

क्लासच्या बाई म्हणाल्या, टॅब काढा, प्रत्येक नावाला ठरावीक अक्षरांइतकी घरं द्या, उरतील ती मोकळी ठेवा. तसं केलं, तर वेळा डावीकडे सरकल्या. कारण हे ठोंबं मशीन डोक्यावरची मात्रा आणि पायाखालचा उकारही वेगळं अक्षर म्हणून मोजतं आणि मोकळी घरं तेवढी कमी सोडतं. बाई म्हणाल्या, "मग नावं इंग्रजीत लिहा ना, आपोआप जुळेल." जुळेल हो, पण वाचणार कोण? एकवीस वर्षं ही माणसं आपलं नाव मराठीत वाचताहेत. मशीनच्या सोयीसाठी मी ते बदलू? छट्! तीन दिवस ठाण मांडून मशीनलाच शिकवलं, की बाबा, मात्रेला जागा लागत नाही, मोजू नकोस.

सोमवारी तक्ता लागला. साहेबांनी स्वतः पट्टी लावून पाहिली. वरपासून खालपर्यंत वेळा एका रेषेत! मिशीवाले सहाच्या ठोक्याला बस घेऊन निघाले. साहेब पट्टी घेऊन केबिनमध्ये गेले. आता तुम्हीच सांगा, मी माफी का मागू?

तुमची (ताठ मानेची) भाची

ता. क. जोडाक्षर आलं की मशीन अजून अडखळतं. चष्मेवाले आणि गप्पिष्ट यांच्या वेळा मी कात्रीने कापून डिंकाने जागेवर चिकटवल्या आणि त्याची झेरॉक्स भिंतीला लावली. हे साहेबांना माहीत नाही.

आणखी एक ता. क. तुम्ही पस्तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेत. जोडाक्षराला किती जागा सोडायची, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? शनिवारी या ना. कुणी विचारलंच, तर भाचीला सहज भेटायला आलो म्हणा. मदतीचं नाव काढू नका.