आक्काचा धवला, तारोडी ते पूनम सागर

३ फेब्रु., मंगळ
आक्का हळदीला येऊ शकत नाही. खुब्याचं हाड मोडलंय, डॉक्टर म्हणतात, दीड महिना खाट सोडायची नाही. सायलीची हळद १२ ला, इथेच आमच्या पूनम सागर सोसायटीच्या हॉलमध्ये. माझी एकुलती नात, आणि आमची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी, तिकडे तारोडीत आडवी. आमच्यात तिने धवला गायचा, बायकांनी ओळ उचलायची, मग हळद चढायची. सुरेशची हळदसुद्धा तिच्याच आवाजात लागली.
तोच सुरेश म्हणतो, "आई, मावशीचं रेकॉर्डिंग लावू." फोनवर आक्काला सांगितलं. "रेकॉर्डिंग म्हंजे सुका बोंबील गं. हळदीला ताजाच पायजे."
खरंय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर परक्यांचे आवाज जोडून दिले. सख्ख्या बहिणीचा आवाज खाडीकाठून मिरा रोडला आणता येऊ नये?

४ फेब्रु.
लाइव्ह करून पाहिलं. तिकडे आक्काची सून नंदा फोन धरून, इकडे आमचा टीव्ही. पहिल्या कडव्याची ओळ आम्ही उचलली तेव्हा आक्का तिसऱ्या कडव्यात. घड्याळ लावलं, बावीस सेकंद मागे.
शेजारच्या जिग्नाबेन : "मासी, ये तो कल का लाइव है."

५ फेब्रु.
दिवसभर वाचन. वही, चष्मा, नेट.
उलगडलं. तो लाइव्हवाला आवाजाचे सहा-सहा सेकंदांचे डबे भरतो. तीन डबे फडताळात साठले की मग पहिला उघडतो, वाढताना खंड पडायला नको म्हणून. मॅच बघायला छान. आम्हाला ओळ उचलायचीय.
आणि डबे पोचवणारी ती टीसीपी. बाई फार शिस्तीची. आवाजाचं एक पॅकेट हरवलं की मागचं सगळं रांगेत उभं, आधी हरवलेलं परत मागवणार. दुसरी पद्धत यूडीपी. टाकलं, पोचलं तर पोचलं, पुढचं घ्या. वाचता वाचता एकटीच हसले. अक्षताच की ह्या. किती डोक्यावर पडल्या नि किती जमिनीवर, कोण मोजतंय? वेळेवर पडल्याशी मतलब.
चहा गार. दुसरा केला, तोही गार.

७ फेब्रु., शनि
वेबआरटीसी सापडलं. ब्राउझरमध्येच चालतं, फुकट, आवाज त्या अक्षतांसारखा टाकतं. लावलं. अर्धा सेकंदसुद्धा उशीर नाही. अंगावर काटा आला.
सायली नि जिग्नाबेनने ओळ उचलली आणि आक्का गप्प.
"कोन गं मना वेडावतंय?"
तिचाच आवाज आमच्या स्पीकरमधून आमच्या माइकमध्ये, तिथून परत तिच्या कानात. स्पीकर लांब नेला, माइककडे पाठ करून ठेवला. गेलं भूत.

९ फेब्रु.
रोज संध्याकाळी चाचणी. सायली ऑफिसातून येते ती तशीच ऐकत बसते. तारोडीत रेंज फक्त मागच्या दाराशी. नंदाने खाटच तिथे सरकवली.
आज चाचणी संपल्यावर आक्का : "मधीच तुटला तर?"
मी : "बायका तीच ओळ घोळवतील तू परत येईस्तोवर."
"आनि मी न्हाय आले परत तर? फुडची ओळ कोनाला येते?"
ती फोनबद्दल बोलत नव्हती. मुलीबाळींपैकी कोणी शिकलंच नाही ना. मीसुद्धा...

१२ फेब्रु., गुरु, दुपार
हळद लागली. वहीलाही.
सुरुवात अशी झाली की आक्का हॉलमध्येच बसलीय. बायका एका सुरात. आणि चौथ्या कडव्यात आवाज गेला. बायकांनी तीच ओळ घोळवली, एकदा, दोनदा, तीनदा. जिग्नाबेन कानाशी, "मासी, दीदी गई क्या?"
मग पाटावरून सायली पुढची ओळ म्हणायला लागली. गालांवर हळद, डोळे मिटलेले. नवरीने आपल्याच हळदीत गायचं नसतं. कोणी अडवलं नाही. सबंध कडवं म्हणाली, पाचवं धरलं, तिथे एक शब्द चुकला. स्पीकरमधून आक्काने तो शब्द नीट करून दिला आणि तिथूनच शेवटापर्यंत गायली.
नंतर फोनवर म्हणते, "नेटवर्क गेला व्हता गं."
मी "हो" म्हटलं. मग लॅपटॉपवर आकड्यांचं पान उघडलं. किती पॅकेटं आली, किती हरवली, ब्राउझर सगळं टिपून ठेवतो. त्या वेळात हरवलेली पॅकेटं : शून्य. तारोडीहून शांतता सगळीच्या सगळी, नीट पोचत होती.
लॅपटॉप मिटला.
सायली दारात उभी आहे, हात अजून पिवळे. "आजी, पाचवं कडवं आक्काआजीकडून परत एकदा नीट घेऊ का? की दमली असेल?"
फोन लाव म्हटलं. लावतेय.