खडूसची कुबडी

प्रिय सुसाट,

अक्षर वेडंवाकडं दिसेल, सांभाळून घे. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीला बांधलेली आहेत आणि जबडा तारांनी आवळलाय. बोलता येत नाही म्हणून लिहितोय, नाहीतर फोनवर तुला अशा शिव्या घातल्या असत्या की तुझ्या नव्या ऑफिसातली माणसं खुर्च्या मागे सरकवून बसली असती. जेवण म्हणजे नळीने सूप. नर्सबाई म्हणतात, इतका शांत पेशंट या वॉर्डात आजवर आला नाही. हे ऐकून बायको एवढी हसली की तिला बाहेर जावं लागलं. परत आली तेव्हा डोळे लाल होते. तुझं नाव ती तोंडातून काढत नाही, आणि मीही अजून तिला सगळं सांगितलेलं नाही.

मला ऑफिसात मारलं हे तुला उडत उडत कळलं असेलच. आता नीट ऐक. मी तुझ्या टेबलापाशी बसलो होतो. तू राजीनामा टाकून गाशा गुंडाळलास, पण तुझ्या नावाची पाटी अजून तिथेच आहे, कारण आपल्याकडे पाट्या काढायचं काम कोणाचं हे कोणालाच माहीत नाही. भर दुपारी एक माणूस आत आला. रुंद खांद्यांचा, भट्टीवर काम करणारा. मनगटापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग. त्याने दारातल्या नव्या मुलीला अगदी सभ्यपणे विचारलं की पत्रा ठोकायच्या प्रेसला आकडे पाठवायचं सॉफ्टवेअर कोण लिहितं, आणि तिने बिचारीने तुझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्याने पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. "हे तुमचं काम का?" मला वाटलं, कुठल्यातरी कारखान्यातून तक्रार आलीय. ग्राहकाला जन्मभर मी एकच उत्तर देत आलोय. म्हटलं, "हो, आमचंच."

पहिला ठोसा कानशिलावर बसला आणि मी खुर्चीसकट आडवा झालो. मग त्याने कॉलर धरून मला उठवलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना दिसलं की तो भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढतोय. जबडा मोडल्याचा आवाज बाहेरून येत नाही रे, आतून येतो. दात घशात घालीन असं आपण येता-जाता म्हणतो. माझे दोन खरंच घशात गेले, एक मी गिळला. हात आडवा घातला तर बोटं गेली. आणि तो ओरडत नव्हता. प्रत्येक घावाला फक्त एवढंच म्हणत होता, "तिचे हात. तिचे हात." खोटं सांगत नाही, दुसऱ्या घावानंतर तुझं नाव माझ्या जिभेवर होतं, पण तोवर बोलायला तोंडच शिल्लक नव्हतं. शेवटी आपल्या रखवालदारांनी त्याला ओढलं, खाली पाडलं आणि बुटांनी तुडवायला लागले. तो निपचित पडल्यावरही तुडवत होते. मी टेबलाखालून ते बघत होतो आणि मला 'बास' एवढंसुद्धा म्हणता येत नव्हतं.

तिचे म्हणजे कोणाचे, हे तुला सांगायला नको, पण सांगतोच. पत्र्याचे डबे ठोकायच्या कारखान्यातली ती प्रेसवाली ताई. आपण प्रेस बसवायला गेलो होतो तेव्हा तुझ्या धांदलीला हसली होती बघ, आणि तू दिवसभर तिच्यापुढे फुशारकी मारत होतास की आमचे आकडे किती चिमुकले होऊन येतात. तो माणूस तिचा थोरला भाऊ. आता ताईला दोन्ही हात मनगटापासून नाहीत. तू ते मशीन नंतर पाहिलं नाहीस. मी पाहिलं. तोवर धुतलं होतं, तरी साच्याच्या खाचेत काहीतरी काळं राहिलं होतं.

आणि मग ऑफिसात परत येऊन तुझ्या टेबलाशी बसलो, आलेले आकडे उलगडणारा तुझा डिकोडर उघडून. आपलं सगळं काम तेवढ्यावर चालतं ना? कारखान्यातलं वायरलेस मरतुकडं, म्हणून प्रेसचा दट्ट्या किती वर-खाली न्यायचा ते आकडे दाबून, आवळून पाठवायचे. लहान आकडा एका बाइटात, मोठा असेल तर लागतील तितक्या बाइटांत, आणि प्रत्येक बाइटाच्या डोक्यावर एक खूण: माझ्यामागे अजून आहे, किंवा मीच शेवटचा. उलगडणाऱ्याने ती खूण बघत जायचं आणि शेवटचा आला की थांबायचं. गंमत इथवरच. संदेश मध्येच तुटला तर? हातात आलेला शेवटचा बाइट म्हणतोय अजून आहे, आणि पुढे तर काहीच आलेलं नाही. म्हणून मी दोन ओळी घातल्या होत्या: आधी बघ, आलेलं संपलं का, संपलं असेल तर आकडा फेकून दे आणि मशीन जागच्या जागी थांबव. त्या दोन ओळी तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी तुझी टीप होती: 'खडूसची कुबडी काढली. आता पळतंय.'

मी ते चारचारदा वाचलं. त्या दिवशी संदेश अर्धा आला. दट्ट्या वर चालला होता, पुढची संरक्षक जाळी उघडली होती, ताईने रोजच्यासारखा डबा काढायला हात आत घातले होते. तुझा डिकोडर अर्ध्या आकड्यावर थांबला नाही, सुसाट पुढे गेला आणि मेमरीत पडून राहिलेलं आधीच्या संदेशाचं शेपूट वाचून आला. निम्मा नवा, निम्मा शिळा, असा एक आकडा त्याने बनवला आणि वर चाललेला दट्ट्या उलटा फिरून खाली आला. हे कळल्यावर तुला ठार मारावं असं माझ्या मनात आलं, आणि नेमका तेव्हाच तो भाऊ दारातून आत आला.

या दोन ओळी तू काढल्यास म्हणून आपली आधी एकदा जुंपली होती, आठवतं? तू म्हणालास, दर बाइटाला थांबून मागे-पुढे बघणं म्हणजे म्हातारपण. मी म्हटलं, तुझी अक्कल गहाण पडलीय. तू मला काचेच्या कपाटावर ढकललंस, मी तुझ्या कानाखाली काढली, आणि नंतर दोघं दवाखान्यात शेजारी बसून टाके घालून घेताना पोट धरून हसलो. परत येऊन मी त्या ओळी पुन्हा घातल्या आणि तू मान डोलावलीस. मला वाटलं, विषय मिटला. तू माझा मित्र आहेस गाढवा, सख्ख्या भावाहून जवळचा. माझ्या मुलीला सायकल तू शिकवलीस. म्हणून तर हे इतकं झोंबतं. चूक कोणाच्याही हातून होते, मी तुला त्यासाठी जन्मभर शिव्या घातल्या असत्या आणि तुझ्या शेजारी उभाही राहिलो असतो. पण तू अहवाल लिहून दिलास. 'डिकोडर निर्दोष. कामगाराचा पाय चुकून दट्ट्या खाली आणायच्या पेडलवर पडला.' खाली सही ठोकलीस, काखा वर केल्यास आणि बुडाला पाय लावून पळालास.

हे पत्र मी माझ्या जबड्यासाठी लिहीत नाहीये. तो हाडाचा डॉक्टर बघून घेईल, आणि भावाविरुद्धची तक्रार मी मागे घेतलीय. काल ताई आली होती, म्हणून लिहितोय. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, बरोबर नणंद. बसली नाही. भावाबद्दल माफी मागितली नाही, मला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "मी हात घातला तेव्हा दट्ट्या वरच चालला होता ना?" तुझ्या अहवालानंतर घरचे, दारचे, सगळे तिला सांगतात की तुझाच पाय पडला, आणि आता तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागलंय. बसल्या-बसल्या ती पाय उचलून धरते, कशावर पडू नये म्हणून. मी होय म्हणून मान हलवली. माझ्या मान हलवण्याला चौकशीत कोण विचारतो? सही तुझी आहे, ती तूच मागे घेऊ शकतोस. म्हणून मी डाव्या हाताने एका चिठ्ठीवर तुझं नाव आणि नवा पत्ता लिहिला. ताईला ती धरता येईना, तेव्हा नर्सबाईंनी तिच्या पर्समध्ये घातली. ती येणार आहे. भाऊ जामिनावर सुटला तर तोही असेल, आणि तो काय करेल ते मला सांगता येत नाही. माझे हाल वाचलेस, तूच अंदाज बांध, पण पळू नकोस. ताईला बेल दाबता येत नाही, ती दारावर लाथ मारेल. तू उघड.

रागाने धुमसत असला तरी तुझाच,
खडूस